ख्रिस्तपुराणातील ख्रिस्त

शाळेत मराठी शिकलेल्या बहुतेकांस फादर थॉमस स्टीफन्स हे नाव ठाऊक असते ते त्यांनी मराठी भाषेची थोरवी गाइलेल्या चार-सहा ओव्यांमुळे. क्रमिक पुस्तकांनी त्या ओव्या उचलल्या, वक्त्यांनी त्या सभांतून म्हटल्या, आणि परदेशी पाद्र्यानेही आमच्या भाषेपुढे मान लवविली ह्या समाधानात आम्ही ग्रंथ मिटून ठेवला. उरलेल्या सुमारे अकरा हजार ओव्या आमच्या लेखी जणू नाहीतच. दाराशी आलेल्या पाहुण्याने घराची वाखाणणी केली म्हणून हुरळून जावे, पण तो कोणत्या कामासाठी आला हे विचारूच नये, त्यातला हा प्रकार. ख्रिस्तपुराणाचा विषय मराठी भाषा नव्हे. त्याचा विषय येशू ख्रिस्त आहे. ज्याला ह्या ग्रंथाचे परीक्षण करावयाचे आहे त्याने ह्या विषयाला सामोरे गेलेच पाहिजे. हिंदू वाचकाने तर विशेषच. कारण ते टाळण्याची सबब त्याच्याजवळच अधिक आहे.

प्रथम ग्रंथाची ओळख. स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. येशूसंघात दाखल होऊन ते 1579 साली गोव्यास आले व 1619 साली निवर्तले. मधल्या चाळीस वर्षांचा बराच काळ त्यांनी साष्टीत काढला. त्यांचा ग्रंथ 1616 साली राचोल येथे रोमन लिपीत छापला गेला. 1649 व 1654 साली तो पुन्हा निघाला. पोर्तुगीज नाव होते ते 'आपला तारक येशू ख्रिस्त ह्याच्या जगात येण्याविषयीचे निरूपण' अशा अर्थाचे. पुढे पुराण हेच नाव रूढ झाले. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात 36 आणि दुसऱ्यात 59 अवस्वर, म्हणजे अध्याय. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या करारातील कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. छंद ओवीचा, भाषा मराठी, आणि तिच्यात कोंकणीचे पाणी ठायी ठायी मुरलेले.

आता ही सबब काय ते सांगावयास हवे. जोयडा तालुक्यातील आमच्या वाचकांना गोवा परका नाही. अनमोडचा घाट उतरला की गोवाच लागतो. कॅसलरॉकचे स्थानक एकेकाळी दोन राज्यांच्या सीमेवरचे स्थानक होते. आमच्यातील अनेक घरांची कुलदैवते घाटाखालीच आहेत. आणि ती आज जेथे आहेत तेथे मुळात नव्हती. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास का गेली, हे कोणी निराळे सांगावयास नको. साष्टीतील देवळे 1566-67 च्या सुमारास पाडण्यात आली. 1560 पासून गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले होते. 1583 साली कुंकळ्ळीस पाच येशूसंघी पाद्री मारले गेले, आणि त्यानंतर तेथील गावप्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. स्टीफन्स ह्याच काळातले, ह्याच मुलखातले. ज्या सत्तेने आमचे देव नदीपार घालविले तिच्याच छायेत लिहिलेला ग्रंथ आम्ही का वाचावा, हा प्रश्न अनाठायी नाही. पण प्रश्न रास्त असला म्हणून ग्रंथ न वाचताच उत्तर देता येत नाही.

पुराण हा शब्द ऐकताच आमच्या मनात एक अपेक्षा उभी राहते. मंगलाचरण असेल, श्रोते प्रश्न विचारतील, वक्ता कथा सांगेल, धर्माला ग्लानी आली की देव देह धरील. स्टीफन्स ह्या अपेक्षेला जाणूनबुजून आवाहन करतात. आरंभी परमेश्वराचे नमन आहे, ओव्यांना आमच्या कानाला सवयीची लय आहे, स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात. साहजिकच हिंदू वाचक औदार्याने म्हणतो, ठीक, हा आणखी एक अवतार. दशावतारांत बुद्धाला जागा झाली तशी ख्रिस्तालाही होईल. हे औदार्य चांगल्या मनाचे आहे. पण वाचन म्हणून ते चुकीचे आहे. ह्या ग्रंथाचा घाट नेमका ह्याच समजुतीविरुद्ध बांधलेला आहे.

ख्रिस्ती श्रद्धेत येशूचे स्थान काय, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. तो केवळ त्या धर्माचा संस्थापक किंवा उपदेशक नव्हे. तो स्वतःच त्या धर्माचा विषय आहे. ख्रिस्त ह्या शब्दाचा अर्थ अभिषिक्त. यहुदी ज्या अभिषिक्ताची वाट पाहत होते तो हाच, असे ख्रिस्ती मानतात, आणि म्हणून यहुद्यांचे सारे जुने धर्मशास्त्र ते ह्या एका व्यक्तीच्या प्रतीक्षेचा लेख म्हणून वाचतात. योहानाचे शुभवर्तमान ह्याच्याही मागे जाऊन सृष्टीपूर्वी देवाजवळ असलेला शब्द म्हणजे तोच असे म्हणते. येशू मेला आणि पुन्हा उठला हे घडले नसेल तर सारी श्रद्धाच पोकळ ठरेल, असे पौलाने करिंथ येथील मंडळीला निःसंदिग्धपणे कळविले. 325 साली निकैया येथे आणि 451 साली खाल्किदोन येथे धर्मसभा भरल्या त्या ह्याच प्रश्नासाठी. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असे पहिल्या सभेने ठरविले. एकाच व्यक्तीत देवत्व व मनुष्यत्व दोन्ही पूर्णपणे आहेत असे दुसऱ्या सभेने. शिवाय त्यांच्या श्रद्धाप्रकटनात पोंती पिलात ह्या रोमी सुभेदाराचे नाव आहे. श्रद्धेच्या घोषणेत एका अधिकाऱ्याचे नाव कशाला? कारण ही घटना युगायुगांत पुन्हा पुन्हा घडणारी नव्हे. अमुक सुभेदाराच्या अमलात, एकदाच घडलेली, असे त्यांस सांगावयाचे असते.

ह्याच्या शेजारी आमचे भागवत ठेवून पाहिले की स्टीफन्स ह्यांच्या रचनेचे मर्म उलगडते. वरवर साम्य पुष्कळ आहे. भागवतातही श्रीकृष्णाचे चरित्र सविस्तर येते ते दशम स्कंधात. आधीचे नऊ स्कंध त्याची भूमिका तयार करतात. इतर अवतार अंशरूप, कृष्ण मात्र स्वतः भगवान, असा भागवताचा सिद्धांत आहे. ख्रिस्तपुराणाचे पहिले 36 अवस्वर असेच भूमिका बांधणारे आहेत. आदाम, नोहा, अब्राहाम, मोशे, दावीद ह्यांच्या कथा स्वतंत्र आख्याने म्हणून रंगतात खऱ्या. पण प्रत्येक कथेच्या शेवटी मनुष्य अडकलेलाच राहतो आणि सोडविणारा अजून यावयाचा असतो. दुसऱ्या भागात तो येतो.

पण साम्य येथेच संपते. भागवतात कृष्णापूर्वीचे मत्स्य, वराह, नृसिंह हे देवच होते. ख्रिस्तपुराणात येशूपूर्वीचे मोशे, दावीद हे माणसे आहेत. भक्त आहेत, संदेष्टे आहेत, चुकणारेही आहेत, पण त्यांपैकी एकही देव नाही. दुसरा भेद ह्याहून खोल आहे. एकनाथांनी ज्या एकादश स्कंधावर 1573 साली आपली टीका पूर्ण केली, त्याच स्कंधात श्रीकृष्णाच्या निजधामगमनाची कथा आहे. जरा नावाच्या व्याधाचा बाण पायी लागतो आणि भगवान त्या व्याधाला अभय देऊन सद्गती देतात. वधस्तंभावरील येशूही मारेकऱ्यांसाठी क्षमा मागतो. दोन्ही प्रसंग वाचताना मन सारखेच हेलावते. तथापि कृष्णाचे अवतारकार्य तोवर संपलेले असते. बाण हे निघण्याचे निमित्त आहे. येशूचे मरण हे निमित्त नव्हे, तेच त्याचे कार्य आहे. त्याचे चमत्कार, दृष्टांत, उपदेश सारे काढून ठेवले तरी ख्रिस्ती श्रद्धा एकवेळ उभी राहील. मरण आणि पुनरुत्थान काढले तर राहणार नाही. म्हणून स्टीफन्स येशूच्या यातनांजवळ रेंगाळतात ते करुणरसाच्या हौसेने नव्हे. त्यांच्या कथेचा उत्कर्ष तेथेच आहे.

कवी म्हणून स्टीफन्स ह्यांचे यश आम्ही येथे मानतो. त्यांनी आमच्या परंपरेतून शब्द घेतले, छंद घेतला, श्रवणाची रीत घेतली, आणि तरीही आपल्या श्रद्धेचा मध्यबिंदू तसूभरही सरकू दिला नाही. भाषांतरकाराला हे क्वचितच साधते. वैकुंठ हा शब्द वापरूनही त्या वैकुंठात विष्णू येऊ न देणे हे सोपे काम नव्हे. लंडन येथील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे जस्टिन अ‍ॅबट ह्यांनी 1920 च्या दशकात अभ्यासकांचे लक्ष वेधले. रोमन प्रतींत जेथे पोर्तुगीज धर्मसंज्ञा आहेत तेथे ह्या प्रतीत अनेकदा संस्कृत शब्द आढळतात. म्हणजे कोणता शब्द आपला अर्थ सांभाळील आणि कोणता तो बिघडवील, ह्याची काळजी ह्या ग्रंथाच्या इतिहासात सतत वाहिली गेली आहे.

त्याचबरोबर ग्रंथाचा दोषही लपवू नये. ग्रंथाच्या आरंभी एक श्रोता पाद्र्याला म्हणतो की आमची जुनी पुराणे तुम्ही मना केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? ख्रिस्तपुराणाचा जन्म ह्या मागणीतून झाल्याचे कवीच सांगतो. म्हणजे ही पोकळी आपोआप पडलेली नव्हती. हुकुमाने पाडलेली होती. पुढेही प्रश्न विचारणारे बहुतेक दीक्षा घेतलेले श्रोतेच आहेत. गीतेतील अर्जुन शस्त्र टाकून बसतो, शंकांवर शंका काढतो, आणि त्याचे समाधान झाल्याशिवाय संवाद पुढे सरकत नाही. येथे प्रतिपक्षाला वकीलच दिलेला नाही. खटला एकतर्फी चालतो. मूर्तिपूजेचा निषेध होतो, पण मूर्तीपुढे उभा राहणारा काय म्हणतो ते कोणी विचारीत नाही. एक गोष्ट मात्र स्टीफन्स ह्यांच्या बाजूने नोंदविली पाहिजे. त्यांच्या मागून एतियेन द ला क्रुवा ह्या फ्रेंच पाद्र्याने सेंट पीटरवर मराठीत पुराण रचले. ते 1629 साली गोव्यात छापले गेले, आणि येथील धर्माच्या चुकांचे खंडन हा हेतू त्याच्या नावातच होता. स्टीफन्स ह्यांच्या ग्रंथाचे नाव मात्र ख्रिस्ताच्या आगमनाचे आहे. निषेध आहे तो वाटेवरचा, मुक्कामाचा नव्हे.

येथे आम्हांस एक भेद करावासा वाटतो, आणि कायद्याच्या अभ्यासकाला तो सहज सुचतो. साक्ष निराळी आणि हुकूमनामा निराळा. येशूवाचून तारण नाही हे वाक्य नव्या करारात पेत्राच्या तोंडी येते. तेव्हा तो अटकेत होता; न्यायसभेपुढे उभा राहून आपल्या जिवाच्या जोखमीवर बोलत होता. ती साक्ष होती. साक्ष ऐकावी, तपासावी, मानावी वा न मानावी. तेच वाक्य व्हाइसरॉयच्या हाती आले तेव्हा त्याचा कायदा झाला, आणि देवळांचे चिरे निखळले. आमची तक्रार दुसऱ्या गोष्टीविरुद्ध आहे. ती पहिल्या गोष्टीवर लादली तर साक्षीदाराला न ऐकता शिक्षा दिल्याचा दोष आमच्याकडे येईल.

हा भेद केवळ युक्तिवादाचा नाही, ह्याची प्रचीती मराठीनेच दिली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यामागे कोणाचा हुकूम नव्हता. उलट घर, नाते, प्रतिष्ठा सारे दुरावले. लक्ष्मीबाईंनी तेव्हा पतीचे अनुकरण केले नाही. पाच वर्षांनी, 1900 साली, स्वतःच्या मनाने त्यांनी निर्णय घेतला. टिळक तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचल्याचे सांगत. त्यांच्या काव्यात येशू गुरू आहे, माउली आहे. स्टीफन्स ह्यांचा ख्रिस्त दुरून येणारा स्वामी वाटतो, तर टिळकांचा ओसरीवर येऊन बसलेला. तरीही मध्यबिंदू तोच. टिळकांचे ख्रिस्तायन 1919 साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी तडीस नेले. सत्तेचा दंड बाजूला काढला तरी येशूचे अनन्यपण कमी होत नाही, हे ह्या दांपत्याच्या लेखनावरून दिसते. म्हणून ते अनन्यपण केवळ सत्तेचे ढोंग होते असे आम्हांस म्हणता येणार नाही.

ग्रंथाच्या नशिबाची कथाही बोधप्रद आहे. 1684 साली गोव्याच्या व्हाइसरॉयने येथील लोकभाषाच बंद पाडण्याचा हुकूम काढला. ज्या राज्यात हे पुराण छापले गेले तेथेच त्याची भाषा अपराधी ठरली. राचोलच्या त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो कानडा मुलखात जाऊन स्थायिक झालेल्या ख्रिस्ती घरांतील हस्तलिखितांच्या आधाराने. त्यांवरून जोसेफ साल्ढाणा ह्यांनी 1907 साली मंगळूर येथे तो रोमन लिपीत छापला. 1956 साली शांताराम बंडेलू ह्यांनी पुण्यात देवनागरीत आणला. आमचे देव जसे सीमेपलीकडे जाऊन राहिले, तसाच त्यांचा हा ग्रंथही राहिला. हुकुमाने दोघांनाही सोडले नाही.

स्टीफन्स ह्यांनी ख्रिस्ती प्रश्नोत्तरी कोंकणीत लिहिली आणि पुराण मराठीत. घरात बोलण्याची एक भाषा आणि देवळात ग्रंथ वाचण्याची दुसरी, ही जी आमच्या घाटावरची रीत, ती त्यांनी अचूक हेरली होती. त्यांनी आमच्या रीतीची एवढी ओळख करून घेतली. आम्ही त्यांच्या श्रद्धेची तेवढी करून घेणे हे परतफेडीचे किमान माप आहे. त्यासाठी येशूला दशावतारांच्या पंगतीत बसविण्याचे कारण नाही, आणि देवळांचे दुःख विसरण्याचेही नाही. आमच्या गावांत देवळाची घंटा आणि इगर्जीची घंटा एकाच वाऱ्यावर ऐकू येतात. शेजारी ज्याचे नाव घेतो तो त्याच्या लेखी कोण आहे, हे त्याच्याच ग्रंथातून जाणून घ्यावे. आणि ह्या एका बाबतीत तो ग्रंथ आमच्याच ओवीत लिहिलेला असल्यामुळे, समजला नाही असे म्हणण्यास आम्हांस जागा उरत नाही.