पहिल्या पानावरची थाप

डॅन ब्राउन यांची ‘द दा विंची कोड’ (२००३) मी दोन बैठकींत संपवली. लूव्र संग्रहालयात रात्री पडलेला खून, सांकेतिक खुणा, पाठलाग; पुस्तक हातातून सुटत नाही, हे कबूलच. निराशा झाली ती नंतर.

दोष पहिल्याच पानावर आहे. ‘वस्तुस्थिती’ म्हणून लेखक सांगतात, की ‘प्रायरी ऑफ सायन’ ही गुप्त संघटना १०९९ सालची असून न्यूटन, लिओनार्दो हे तिचे सभासद असल्याचे कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडले. वास्तविक ही संस्था १९५६ साली पिएर प्लांतार या गृहस्थाने साथीदारांसह नोंदवली. ते कागदही याच मंडळींनी रचून १९६०च्या दशकात ग्रंथालयात ठेवले.

स्वतःला फ्रान्सच्या प्राचीन राजघराण्याचा वंशज म्हणवणारा हा प्लांतार! खरी कादंबरी त्या माणसात होती. ब्राउन यांनी माणूस सोडला आणि त्याची थाप तेवढी उचलली. कट रचता रचता त्यावरच विश्वास ठेवू लागलेली माणसे उंबेर्तो एको यांनी ‘फुकोज पेंड्युलम’मध्ये (१९८८) आधीच रंगवली होती. तिथे थाप ही थाप म्हणूनच येते, म्हणून ती अंगावर येते.

कादंबरीकाराने कल्पना जरूर लढवावी. ऐतिहासिक कादंबऱ्यांवर वाढलेले आपण तिला नावे ठेवणार नाही. पण बखर वेगळी आणि अस्सल पत्र वेगळे, हे इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्याला शिकवले आहे. आम्हा सीमाभागातल्यांना तर कागदाची किंमत सांगायलाच नको. कल्पिताला कुणी दस्तऐवज म्हणून पुढे केले, की आमचा हात आधी शिक्का तपासायला जातो.