तंजावरची साकी

तंजावरकडील हरिकथा म्हणजे आपल्याच कीर्तनाची नक्कल, असे उद्गार नागपुरांत आम्ही पुष्कळदा ऐकतों. त्यांत अभिमान आहे, रसिकता थोडी. सतराव्या शतकांत व्यंकोजीराजांमागून मराठी कुटुंबें कावेरीकांठीं वसलीं आणि त्यांजबरोबर ओवी, अभंग, साकी, दिंडी तिकडे गेलीं, हें खरें. पुढें रामचंद्रबुवा मोरगावकरांच्या कीर्तनांनीं तंजावर भारून गेलें व कृष्ण भागवतरांनीं (१८४७–१९०३) त्या धाटणीस कर्नाटक संगीताची जोड दिली.

परंतु काळ पाहा. नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें, तंजावरचें त्याच्या पुढच्याच वर्षीं. राजाश्रय बुडाला, आणि हरिकथा दक्षिणभर पसरली ती त्यानंतर! निरूपण तमिळ वा तेलुगु झालें नसतें, तर चार मराठी वाड्यांबाहेर तिला कोणीं विचारलें असतें?

साकीचेंच घ्या. वृत्त ओळखीचें, राग मात्र दाक्षिणात्य, साथ मृदंगाची. मराठीचें अक्षर न कळणारे श्रोतेही तिच्यावर माना डोलावतात. आमच्याकडे बुवा ती कथा पुढें सरकविण्यापुरती घाईघाईनें उरकतात, आणि तें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.