बेणारेबाईंची नोकरी फोनवर गेली

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये रंगमंचावर आलं. मंडळी मुंबईची, पण सगळं घडतं एका खेड्यातल्या सभागृहात. आमच्या मुरबाड-शहापूरकडे असे हॉल गावोगावी आहेत, म्हणून मला ते दूरचं वाटत नाही. शिक्षिका लीला बेणारेवर गंमत म्हणून खटला भरतात आणि तो खरा होत जातो. ‘समाजाचा दांभिकपणा’ असं लिहून आपण मोकळे होतो. मला जास्त भिववतो तो एक फोन. संस्थेचे अध्यक्ष बाईंना काढायचं फोनवरच ठरवतात. बाईंना विचारतं कोण?

नाटकातलं प्रकरण लैंगिक छळाचं नाही, मान्य. पण मालकाने निर्णयाआधी ऐकून घ्यायचं की नाही, हा प्रश्न तोच आहे. २०१३ च्या कायद्याने त्याला उत्तर दिलं: दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती, चौकशी ९० दिवसांत. समितीच नेमली नाही तर मालकाला ५० हजारांपर्यंत दंड. मुरबाड एमआयडीसीत ठेकेदारामार्फत आलेली मुलगीही कर्मचारीच, कंपनीने दिलेली गाडीही कामाची जागाच. ‘ती आमच्या पगारपत्रकावर नाही’ हे उत्तर चालत नाही. चौकशी सुरू असताना तिने लेखी मागितलं तर समिती तिची किंवा त्याची बदली सुचवू शकते. ‘उद्यापासून येऊ नको’ हे तिलाच ऐकवायचं, असं कुठेच लिहिलेलं नाही.

नाटकात दामले गैरहजर, म्हणून सुखात्मेच दोन्ही बाजूंचे वकील. इथे हसू येतं, आणि लगेच आपल्याकडची छोटी वर्कशॉपं आठवतात, जिथे मालकच साहेब, मालकच न्यायाधीश. तक्रार मालकाविरुद्ध असेल किंवा माणसं दहापेक्षा कमी असतील, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याने ती सात दिवसांत पुढे पाठवायची असते. वीटभट्टीवरच्या बाईपर्यंत हे पोचवायची जबाबदारी कायदा सरकारवर आणि जिल्हा अधिकाऱ्यावर टाकतो, पण प्रत्यक्षात तिला सांगणार कोण?

समितीची अध्यक्ष बाई हवी, निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात. चांगलंच आहे. पण काशीकरबाईही बाईच होत्या की! बेणारेला टोचण्यात त्या सगळ्यांच्या पुढे. नावं गुप्त ठेवायचं कलम १६ म्हणूनच मला जास्त मोलाचं वाटतं. इथे संध्याकाळपर्यंत बातमी एसटी स्टँडवर पोचते.

शेवटी बाई भरभरून बोलतात. तेवढा वेळ बाकी सगळी पात्रं थिजलेली असतात. त्यांची एकमेव खरी साक्ष कोर्टाच्या कानावर जातच नाही.