राष्ट्राचा सुवर्णमहोत्सव आणि प्रवाशाचा कॅमेरा : रघुबीर सिंग यांच्या छायाचित्रांच्या संदर्भात

प्रास्ताविक

भारतीय स्वातंत्र्याला १९९७ मध्ये ५० वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त अमेरिकेतील फिलाडेल्फिया कलासंग्रहालयात भारतविषयक छायाचित्रांचे प्रदर्शन भरले. देशी-विदेशी छायाचित्रकारांनी ठिकठिकाणी टिपलेली चित्रे त्यात एकत्र आली. प्रवाशाच्या कॅमेऱ्यातून राष्ट्राचा महोत्सव साजरा करता येतो काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

विवेचन

महोत्सवाला समग्रतेची ओढ असते. प्रवाशाला मात्र वाटेवरचा एखादा तुकडाच दिसतो. ही विसंगती झाकली, की छायाचित्र दिनदर्शिकेला शोभेल असे होते : नदीचे घाट, उंट, रंगीत फेटे.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९४७ मधील कुरुक्षेत्र छावणीच्या छायाचित्रात निर्वासित कवायत करताना दिसतात. तेथे छायाचित्रकार स्वेच्छेने गेला होता. चित्रातील माणसांना घरदार सोडावे लागले होते. स्वातंत्र्याच्या जन्माशी हा सक्तीचा प्रवासही जोडलेला आहे. तो वगळून मांडलेला महोत्सव अपुराच म्हणावा लागेल.

रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांनी रंग हा भारतीय दृष्टीचा स्वभावधर्म मानला. पाश्चात्त्य आधुनिकतेतील कृष्णधवल विषाद त्यांना परका वाटला. ही भूमिका प्रस्तुत लेखकास पूर्णतः मान्य होत नाही. सुनील जाना यांनी टिपलेला १९४३ चा बंगालचा दुष्काळ कृष्णधवल आहे, म्हणून तो कमी भारतीय ठरत नाही.

तथापि, सिंग यांच्या निधनानंतर २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ वे इन्टू इंडिया’ या पुस्तकात त्यांची छायाचित्रे त्यांच्या भूमिकेच्या पुढे जातात. अ‍ॅम्बेसेडर मोटारीच्या खिडक्या, दारे आणि आरसे यांच्या चौकटीतून येथे देश दिसतो. स्वातंत्र्योत्तर स्वावलंबनाचे प्रतीक ठरलेल्या या मोटारीचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. पाहणारा मोटारीत बसलेला आहे आणि समोरचा माणूस रस्त्यावर आहे, हे अंतर ही छायाचित्रे लपवीत नाहीत. त्यांचे खरे मोल या प्रामाणिकपणात आहे.

निष्कर्ष

स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात एका छायाचित्र-स्पर्धेचे परीक्षण करताना प्रस्तुत लेखकानेही सूर्यास्तातील किल्ल्यालाच झुकते माप दिले होते. तेव्हा किल्ल्याच्या पायथ्याशी पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्या मुलीचे चित्र मागे पडले. छायाचित्रकार कोठे उभा आहे, हे त्या दुसऱ्या चित्रात स्पष्ट दिसत होते. परीक्षकाने प्रथम तेच पाहावयास हवे होते.