मानवशास्त्रात बाहेरून येणारे

मानवशास्त्राच्या एम.ए.ला वाणिज्य, अभियांत्रिकी किंवा साहित्य शिकलेला पदवीधर आला की त्याच्याविषयी दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक असे, की याचा पाया कच्चा आहे, आधी पूरक अभ्यासक्रम पुरा करू दे. दुसरे असे, की शेवटी हे माणसांचेच शास्त्र, कोणालाही जमेल. पहिल्यात त्याचा जुना विषय उणीव ठरतो, दुसऱ्यात बिनमहत्त्वाचा. पण त्या विषयाने त्याला जी पाहण्याची सवय लावली आहे तिचे काय करायचे, हा प्रश्न दोन्हीकडे राहूनच जातो.

प्रश्न नवा नाही. हे शास्त्र मुळात बाहेरून आलेल्यांनीच उभे केले. १८९८ च्या टॉरेस सामुद्रधुनी मोहिमेतले हॅडन प्राणिशास्त्रज्ञ होते, रिव्हर्स वैद्यक शिकलेले. फ्रान्झ बोआस यांनी १८८१ साली कील विद्यापीठात पीएच.डी. मिळवली ती पाण्याच्या रंगावर. पुढे १८८३-८४ मध्ये ते बॅफिन बेटावर इन्युइट लोकांत राहिले. ‘रानटी’ भाषांतले उच्चार अस्थिर असतात, असे तेव्हाचे अभ्यासक म्हणत. १८८९ च्या एका लेखात बोआस यांनी दाखवले, की अस्थिरता बोलणाऱ्याच्या जिभेत नसून ऐकणाऱ्याच्या कानात आहे. आपला ‘ळ’ ज्याच्या भाषेत नाही, तो एकदा ‘ल’ लिहून घेईल, एकदा ‘र’. त्यात आपला काय दोष? निरीक्षण करणाऱ्यालाही तपासावे लागते, हा धडा बोआस यांना प्रयोगशाळेतच मिळाला असावा. त्यांचे भौतिकशास्त्र वाया गेले नाही.

मात्र जुना विषय दृष्टी देतो तशी झापडेही लावतो. गो. स. घुर्ये संस्कृतचे एम.ए.; केंब्रिजला रिव्हर्स आणि हॅडन यांच्याकडे शिकले. १९४३ च्या पुस्तकात त्यांनी आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ ठरवले. व्हेरिअर एल्विन ऑक्सफर्डचे. इंग्रजी साहित्य आणि ईश्वरशास्त्र शिकलेले. ते गोंड आणि बैगांत राहिले, त्यांची गाणी गोळा केली आणि त्यांचे वेगळेपण जपावे म्हणून भांडले. या वादाला राजकारणाची बाजू होतीच. तरीही ग्रंथपरंपरेत मुरलेल्या माणसाला सातत्य दिसावे आणि कवितेत रमणाऱ्याला वेगळेपण, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. आपला आधीचा विषय या वादात बोलतो आहे, हे दोघांनीही पुरेसे तपासले नाही.

इरावती कर्वे यांचे उदाहरण म्हणूनच महत्त्वाचे. फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान, मग मुंबईत घुर्यांकडे समाजशास्त्र, आणि नंतर बर्लिनमध्ये विषय मिळाला तो मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेचा. मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशभेदाच्या सिद्धान्ताचे पुरस्कर्ते. या असमानतेचा वंशाशी संबंध इरावतीबाईंना मोजमापांत आढळला नाही, आणि त्यांनी तसेच लिहिले. ‘कोणालाही जमेल’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे : तत्त्वज्ञानाच्या पदवीधराला कवट्या मोजायला शिकावेच लागले. आणि ‘पाया कच्चा’ म्हणणाऱ्यांनी हेही, की गृहीतकावर शंका घेण्याची सवय मोजपट्टीतून येत नाही. १९५३ च्या भारतीय नातेव्यवस्थेवरील ग्रंथात त्यांनी संस्कृत ग्रंथ, बोलीतली नात्यांची नावे आणि प्रत्यक्ष कुटुंबे एकत्र आणली. पोथीतले नाते आणि आजच्या घरातले नाते यांतले अंतर त्या कधीकधी फार चटकन ओलांडतात, हेही नोंदवले पाहिजे. पण ते अंतर निदान त्यांच्या पुस्तकात दिसते तरी.

मी स्वतः वाणिज्य शाखेचा. मानवशास्त्राच्या वर्गात कधी बसलो नाही. जे शिकलो ते पुस्तकांतून आणि गावांतून. एका घरातली आहेराची वही पहिल्यांदा हाती आली तेव्हा मी ती खातेवहीसारखी वाचली : नाव, रक्कम, येणे, देणे. एका नावाचे घेतलेले होते, परत केलेले नव्हते. मी शेजारी ‘थकबाकी’ असे टिपून ठेवले. त्या घरातल्या आजी म्हणाल्या, “त्यांचं मुद्दाम ठेवलंय बाबा. सगळं फेडलं की येणंजाणं संपतं.” तत्त्वज्ञान शिकलेल्या मार्सेल मॉस यांचा देणगीवरचा १९२५ चा निबंध मी पुढे वाचला, समजला तो आजींमुळे.

वाणिज्य शिकलो नसतो तर ती न फिटलेली रक्कम माझ्या नजरेलाच पडली नसती. आणि वाणिज्यच शिकलो होतो म्हणून तिला चुकीचे नाव दिले. पदव्युत्तर वर्गाने बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याकडून पहिल्या क्षेत्रकार्यातच या दोन्ही गोष्टी लिहून घ्याव्यात : जुन्या विषयाने काय दाखवले आणि काय लपवले. पूरक अभ्यासक्रम त्यानंतर खुशाल द्यावा. याच शाखेतून वर आलेल्या विद्यार्थ्यालाही हा प्रश्न विचारायला हरकत नाही. त्याचाही एक जुना विषय आहेच, तो म्हणजे मानवशास्त्र.