पत्त्यावरील अद्भुत : दशावतारी गंजिफा आणि ‘मॅजिक’चा डाव

मराठी समीक्षेने अद्भुतरम्य वाङ्मयाचा विचार केला तो बहुतांशी कथा-कादंबरीच्या अंगाने. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाले’पासून (१८६१) नाथमाधवांच्या ‘वीरधवल’पर्यंतची परंपरा आपण अभ्यासक्रमात शिकवितो, तिचे ऋण कोणत्या ग्रंथांचे याची चर्चा करितो आणि तेथे थांबतो. परंतु अद्भुताला ग्रंथाखेरीज दुसरेही एक आश्रयस्थान आहे, व ते म्हणजे खेळण्याचा पत्ता. त्याकडे आपल्या विभागांतून सहसा कोणी वळत नाही. सक्करदऱ्यासारख्या नागपुरी वस्तीत आज पदव्युत्तर वर्गातील तरुण ज्या पत्त्यांनी आपापसांत स्पर्धा खेळतात, त्यांवर राक्षस, यक्षतुल्य प्राणी, मायावी यंत्रे आणि मंत्र असतात. प्रत्येक पत्त्यावर चित्र, नाव आणि चारदोन वाक्यांचा मजकूर असतो. तो मजकूर वाङ्मय आहे काय, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. पत्त्यावरील अद्भुत नेमके कोठे वसते, चित्रात, नावात की आणखी कोठे, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तुलनेसाठी दशावतारी गंजिफेकडे जाणे अपरिहार्य आहे, कारण देवादिकांच्या कथा पत्त्यांवर उतरविण्याचा आपल्याकडील सर्वांत परिपूर्ण प्रयत्न तोच. येथे एक खबरदारी घ्यावयास हवी. सक्करदऱ्याला भोसल्यांचा वाडा आहे व सावंतवाडीलाही भोसल्यांचाच राजवाडा आहे, ज्याच्या आश्रयाने गंजिफेची कला टिकली. परंतु ही दोन घराणी निरनिराळी आहेत, आणि केवळ आडनावाच्या साम्यावरून गंजिफेचा वारसा नागपूरकडे ओढून आणणे युक्त नव्हे. सावंतवाडीची गंजिफा ही कोकणची आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी मरगळलेल्या या कलेला राजवाड्यातच पुन्हा उभे केले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

गंजिफा हा खेळ मुळात परदेशी. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तात आहे; अकबराच्या दरबारातील बारा रंगांच्या, १४४ पत्त्यांच्या जोडाचे वर्णन अबुल फजलने केले आहे. रूढ मोगली जोड आठ रंगांचा व ९६ पत्त्यांचा. दशावतारीत रंग दहा, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२०. पत्ते गोल. पाच रंगांत दश्शा हा अंकांमध्ये सर्वांत मोठा, तर उरलेल्या पाचांत क्रम उलटा, एक्का मोठा व दश्शा सर्वांत लहान. हुकूम नाही, भिडू नाही; जो तो आपल्यासाठी हात करतो. आता या वर्णनाकडे नीट पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येईल. मत्स्य, कूर्म, वराह ही नावे काढून त्या जागी मोगली जोडातील गुलाम, ताज, शमशेर ही नावे घातली आणि रंगांची संख्या दोनाने घटविली, तर खेळात काहीही बदलत नाही. वामनाच्या राजाला तीन पावले टाकता येत नाहीत. नरसिंहाला खांब फोडता येत नाही. अवतार पत्त्यावर विराजमान आहे, परंतु डावात त्याला अवतारकार्य नाही. चित्रकाराने भक्तिभावाने रेखाटलेला देव खेळाडूच्या हातात निव्वळ एक दर्जा होऊन राहतो.

अपवाद एकच आहे, आणि तो फार मोलाचा आहे. दिवसा खेळताना ज्याच्याकडे रामाचा राजा असेल त्याची उतारी. रात्री खेळताना कृष्णाच्या राजाची. राम सूर्यवंशी, कृष्णाचा जन्म मध्यरात्रीचा आणि कुळ चंद्राचे. येथे पुराण नियमात शिरते. पत्त्यावरचे चित्र कोणते हे पाहून, आणि खिडकीबाहेर उजेड आहे की अंधार हे पाहून, डाव सुरू होतो. संबंध गंजिफेत अद्भुत खऱ्या अर्थाने जर कोठे असेल तर ते माझ्या मते या एका नियमात आहे, लाखेच्या झिलईखालच्या सुबक मुकुटांत नव्हे. कलावस्तू म्हणून गंजिफेचे कौतुक करणाऱ्यांना हे मत रुचणार नाही, याची जाणीव आहे.

या दृष्टीने ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाकडे पाहिले म्हणजे त्याचे वेगळेपण स्पष्ट होते. रिचर्ड गार्फील्ड या गणिताच्या अभ्यासकाने रचलेला हा खेळ १९९३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला व लगेच पुढील वर्षी त्याची पहिली जागतिक स्पर्धा मिल्वॉकी येथे भरली. सर्वांसाठी एक जोड ही कल्पनाच येथे नाही. प्रत्येक खेळाडू स्वतःचा जोड स्वतः रचून आणतो. रूढ स्पर्धेत त्यात किमान ६० पत्ते असावे लागतात व मूलभूत भूमीचे पत्ते सोडले तर एकाच पत्त्याच्या चारांहून अधिक प्रती चालत नाहीत. प्रत्येकाचे आयुष्य २० गुणांचे. प्रतिपक्षाचे शून्यावर आणणे हा नेहमीचा जयाचा मार्ग. आजवर २५,०००हून अधिक भिन्न पत्ते निघाले आहेत, आणि त्यांतील बहुतेक प्रत्येकावर खेळाचा सामान्य नियम कोठे ना कोठे वाकविणारे एखादे वाक्य आहे. नियमग्रंथाचे आरंभीचेच सांगणे असे की, पत्त्याचा मजकूर व ग्रंथातील नियम यांचा विरोध आला तर पत्ता प्रमाण. पाणिनीय परंपरेत वाढलेल्या वाचकाला हा उत्सर्ग-अपवादाचा व्यवहार परका वाटू नये. विदर्भातील महानुभावांनी सूत्रपाठावर जी लक्षण-विचारांची चळत उभी केली, तिच्यामागे जी चिकाटी होती तीच या खेळाच्या नियमचर्चेत आढळते; विषय अर्थातच मोक्षाचा नसतो.

उदाहरणादाखल एकच जोडी विस्ताराने पाहू. २०१६ साली ‘कलादेश’ नावाचा संच निघाला. भारतीय वेशभूषा, नावे व अलंकरण यांवर बेतलेल्या एका यंत्रवेड्या लोकाची ती कथा. त्यातील सहेली राय ही धातुकाम करणारी कलावती. कोणत्याही प्राण्याची धातूची हुबेहूब प्रतिकृती ती क्षणार्धात घडविते. पत्त्यावरचे वाक्य याला अनुरूप आहे : तुमच्या एका प्राण्याची वा यंत्राची प्रत निर्माण करा, ती त्याच फेरीत हल्ला करू शकेल, व फेरी संपताना नाहीशी होईल. पुढच्या, जानेवारी २०१७ च्या संचात ‘फेलिडार गार्डियन’ नावाचे एक मार्जारकुळीचे श्वापद आले. त्याचा गुण असा की, ते मैदानात येताच तुमचा दुसरा एखादा पत्ता क्षणभर डावाबाहेर काढून परत आणता येतो. आता सहेलीने या मांजराची प्रत घडवावी. त्या प्रतीने मैदानात येताच सहेलीलाच बाहेर काढून परत आणावे. परत आलेली सहेली नवी, तिची शक्ती अबाधित, म्हणून तिने पुन्हा प्रत घडवावी. याला अंत नाही. चौथ्या फेरीतच हजार मांजरे मैदानात उभी राहतात आणि डाव संपतो.

ही कथा कोणी लिहिलेली नाही. दोन पत्त्यांवरील दोन निरुपद्रवी वाक्ये शेजारी आली आणि ती घडली. सहेलीच्या वाक्याला तिच्या व्यवसायाचा आधार होता, म्हणजे कल्पनेतून नियम जन्मला. पण नियम एकदा जन्मल्यावर कल्पनेला मागे टाकून धावला. मला वाटते, पत्त्यावरील अद्भुताची खरी जागा ही आहे. गंजिफेत जे राम-कृष्णांच्या उतारीपुरते घडते ते येथे पानोपानी घडते, आणि म्हणूनच ते आवरावेही लागते. एप्रिल २०१७ मध्ये हे श्वापद ‘स्टँडर्ड’ या प्रचलित स्पर्धाप्रकारातून बाद करण्यात आले. त्याआधी जानेवारीत ‘स्मगलर्स कॉप्टर’, म्हणजे तस्कराचे विमान, बाद झाले होते, कारण दोनच एककांत मिळणारे हे यंत्र कोणत्याही जोडात बसे व जिकडेतिकडे दिसू लागले होते. कलादेशाच्या कथेत तेथील शासन कारागिरांची यंत्रे जप्त करिते. कथेतील शासनाला न साधलेली जप्ती खेळाच्या नियामकांनी प्रत्यक्षात आणली, हा योगायोग कथाकारांच्या कोणत्याही प्रसंगाहून बोलका आहे.

नावांविषयी मात्र तक्रार आहे. रोमन लिपीत लिहिलेला ‘कलादेश’ हिंदी वाचक ‘काला देश’ असा वाचू शकतो. मराठीत ‘ळ’मुळे कला आणि काळा यांची गफलत होत नाही, परंतु रोमन लिपीपुढे तो ‘ळ’ही निरुपाय. २०२५ साली निघालेल्या ‘ईथरड्रिफ्ट’ संचात हा लोक ‘आविष्कार’ या नव्या नावाने अवतरला. कथेपुरते कारण असे की, क्रांतीनंतर लोकांनी नाव बदलले. चंद्रा नलार या तेथील नायिकेचे अस्त्र अग्नी आहे. चंद्राच्या नावाची स्त्री आग ओकते याचे आपल्याला वाटणारे नवल लेखकांना अभिप्रेत होते काय, याची मला शंका आहे. येथे आपले शब्द परदेशी जाऊन अर्थ घरी ठेवून आले आहेत.

आणि स्पर्धेत तर नाव उरतच नाही. सक्करदऱ्यातील एका घरी मित्रमंडळींच्या एका छोट्या स्पर्धेत प्रस्तुत लेखक खेळला आहे : आठ खेळाडू, तीन फेऱ्या, समान गुणांच्या खेळाडूंची पुढील फेरीत गाठ. ज्याच्याकडून दोन पत्ते उसने घेतले त्याच्याशीच दुसऱ्या फेरीत पडणे, हे अशा स्पर्धेत नित्याचे. तेथे सहेली रायला कोणी सहेली म्हणत नाही. त्या जोडीचे जगभर रूढ नाव ‘कॉपीकॅट’ तेच येथेही. मैत्रीण या अर्थाचा ज्यांच्या कानावर घरीदारी पडणारा शब्द, तेही तो सोडून देतात. जुळवून आणलेल्या जोडाने खेळणारा खेळाडू पत्ता वाचत नाही, त्याला तो पाठ असतो. अनेकदा तो जोडही त्याने रचलेला नसतो. दूरच्या कोण्या विजेत्याची यादी पाहून उतरविलेला असतो.

याउलट ‘ड्राफ्ट’. आठ जण गोलात बसतात, प्रत्येक जण सीलबंद पाकीट फोडतो, एक पत्ता ठेवून उरलेले शेजाऱ्याकडे सरकवितो. तीन पाकिटे संपली की मिळाले त्यातून ४० पत्त्यांचा जोड बांधावयाचा. येथे मजकूर सावकाश वाचावा लागतो, कारण बरेच पत्ते प्रथमच समोर आलेले असतात. डावीकडच्या मित्राने काय सोडले यावरून त्याच्या मनातील रचना ताडावी लागते. एखादे वाक्य मोठ्याने वाचले जाते, त्याचा अन्वय लावण्यावरून वाद होतो, कोणी नियमग्रंथ काढतो. पहिल्या प्रकाराला पाठांतर म्हटले तर याला वाचन म्हणावे लागेल. समीक्षकाला रस असावयाचा तो या दुसऱ्यात, आणि स्पर्धेच्या चाहत्यांचा रोष पत्करूनही मी त्याला श्रेष्ठ मानतो.

आणखी एका कारणाने तो श्रेष्ठ आहे. गंजिफेचा जोड एक व सर्वांचा सामायिक. पिसून वाटला की राव-रंक सारख्याच दैवाचे धनी. ‘मॅजिक’मध्ये विषमता डाव मांडण्यापूर्वीच, दुकानात सुरू होते. दुर्मीळ पत्त्याची किंमत विद्यार्थ्याच्या महिन्याच्या खानावळीशी स्पर्धा करू शकते. मित्र आपापले पत्ते एका पेटीत टाकून सामायिक करतात तेव्हा ते नकळत गंजिफेच्या न्यायाकडे परततात. ड्राफ्टमध्ये तो न्याय, पाकिटाचा खर्च वजा जाता, नियमातच आहे.

उरला भाषेचा प्रश्न. या खेळाच्या मराठी वा हिंदी आवृत्त्या नाहीत. मेजावर बोलणे मराठी चालते, पण पत्ता आडवा करण्याला ‘टॅप’च म्हणतात, आणि अन्वयाचा वाद इंग्रजी वाक्याच्या स्वल्पविरामावर होतो. भारतीय भाषेला स्थान मिळाले ते २००१ साली, ‘अपॉकॅलिप्स’ संचाच्या प्रकाशनपूर्व भेटीदाखल दिलेला ‘फंगल शॅम्ब्लर’ हा पत्ता संस्कृतात छापला गेला तेव्हा. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाने त्याची एक गंमत ध्यानात घ्यावी. पत्ता कोणत्याही भाषेत छापलेला असो, वाद उत्पन्न झाल्यास प्रमाण मानावयाचा तो प्रकाशकांनी वेळोवेळी सुधारून ठेवलेला इंग्रजी पाठ, ज्याला ते ‘ओरॅकल’ म्हणतात. तेव्हा देवनागरीतील तो संस्कृत पत्ता हाती घेऊन कोणी खेळला असेल, तर त्याचा अर्थ ठरविण्यासाठी त्यालाही इंग्रजीकडेच वळावे लागले असेल.