भरताला ऐकू येईल इतकेच

गेल्या पावसाळ्यात मी घरी बसून एक गाणे ध्वनिमुद्रित केले. मी गायक नाही. तरुणपणी सहा-सात वर्षे शिकलो आणि नंतरची चाळीस वर्षे इतरांच्या गाण्याविषयी लिहीत आलो. गाणे होते ‘गीतरामायणा’तले : चित्रकूटावर राम भरताची समजूत घालतो ते, यमनकल्याणातले. मराठी घरांत त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. कोणी गेले की ते लावतात. माझा थोरला भाऊ गेला तेव्हाही दिवसकार्याच्या संध्याकाळी कोणीतरी ते मोबाइलवर लावले. समुद्रातल्या दोन ओंडक्यांची उपमा येऊन गेली आणि त्याने ते बंद केले. सगळ्यांनी माना हलवल्या. पुढची कडवी कोणाला नको असतात.

ती का नको असतात, या प्रश्नाने मी त्या गाण्याकडे वळलो. हा प्रश्न मला कागदावर सुटला नाही, म्हणून गाऊन पाहिले.

मुळात ‘मूळ’ कशाला म्हणायचे, हेच आधी ठरवावे लागते. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले आणि पुढे वर्षभर चालले. छप्पन्न गीते, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडके यांच्या. त्या प्रसारणात आवाज अनेक होते : माणिक वर्मा, ललिता फडके, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर. पात्राप्रमाणे गळा बदलत असे. पुढे मैफलींतून आणि ध्वनिमुद्रिकांतून घरोघर पोचले ते एकट्या फडक्यांच्या आवाजातले गीतरामायण. म्हणजे आपण ज्याला अस्सल मानतो ती स्वतः संगीतकारानेच केलेली पुनर्मांडणी आहे. श्रुतिकेच्या अंगाने जाणारी रचना त्यांनी कथेकऱ्याची केली. तिला आधारही रचनेतच होता. पहिल्याच गीतात कुश-लव रामासमोर गायला बसतात. एकदा हे मान्य केले, की कौसल्या काय, शूर्पणखा काय, सगळी त्या गाणाऱ्याचीच रूपे. हे गीतही रामाचे स्वतःचे बोलणे, पण ते त्याला मुलांच्या तोंडून परत ऐकावे लागते आहे. (ही गंमत माझ्या ध्यानात फार उशिरा आली, गीतरामायणावर दोनदा लिहूनही.)

तर मग नवीन अन्वय लावणे हा गुन्हा नाही; प्रश्न इतकाच, की लावणाऱ्याने काय धरून ठेवले. हिंदी, कानडी, संस्कृत, कोकणी अशा भाषांतून गीतरामायण गेले तेव्हा शब्द बदलले आणि चाली जपल्या गेल्या. हल्लीच्या घरगुती मांडण्यांत शब्द आणि चाल दोन्ही राहतात. बदलतो तो भोवतालचा वाद्यमेळ. खाली सिंथेसायझरचे ढग, वर बासरी, सगळ्यावर देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमारा. मला त्यात अडचण वाटते ती आधुनिकतेची नव्हे. राम कोणाशी बोलतो आहे हे त्या घुमाऱ्यात हरवते, ही अडचण आहे.

माझा पहिला प्रयत्न मात्र याहून वाईट होता. तयार साथीची पट्टी घेतली, कानांत इयरफोन घातले आणि गायलो. ऐकल्यावर कळले की मी गात नव्हतोच. प्रत्येक जागा फडके जिथे घेतात तिथे घेत होतो, श्वाससुद्धा. इतकी वर्षे ऐकलेले गाणे गळ्यात असे मुरते, की आपले म्हणून काही शोधायला गेले तर आधी त्यांचाच आवाज बाहेर पडतो.

दुसऱ्या खेपेला साथ काढून टाकली. ठेकाही काढला. खोलीच्या दोन भिंतींना गोधड्या लावल्या, कपड्यांचे कपाट उघडे ठेवून त्याच्याकडे तोंड करून बसलो (कपाटातल्या साड्यांइतका प्रतिध्वनी खाणारी वस्तू मध्यमवर्गीय घरात दुसरी नाही), पंखा बंद केला आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपायची वाट पाहिली. फक्त तानपुरा, पट्टी दोन स्वर खाली, लय सैल. तीव्र मध्यमावर रेंगाळलो. झालेले मुद्रण मला त्या रात्री अप्रतिम वाटले. चार दिवसांनी ऐकले तेव्हा ते रडगाणे होते.

इथे मला माझ्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला तुकडा सापडला. राम या गीतात शोक करत नाही. पिता गेल्याची बातमी त्याला नुकतीच कळली आहे, आणि ती आणणारा भाऊ अपराधाच्या भावनेने समोर कोसळला आहे. रामाला रडायला सवड नाही. तो एकेक मुद्दा मांडत जातो : दोष कैकेयीचा नाही, वडिलांचाही नाही, जे जमते ते विखुरते, जन्मासोबत मरण येतेच. ओंडक्यांची उपमा वाल्मीकीच्या अयोध्याकांडातली, तिथेही ती रामाच्याच तोंडी आहे. माडगूळकरांनी ती घेतली आणि पुढची चार कडवी अशी रचली, की ओंडक्यांचे तत्त्वज्ञान हा शेवट न राहता युक्तिवादाचा आधार झाला. कारण यानंतर राम म्हणतो ते सांत्वन नव्हेच, तो नकार आहे. डोळे पूस; तुझी वाट वेगळी, माझी वेगळी. मला परत न्यायचा हट्ट धरू नकोस. राज्य तू कर. चौदा वर्षे पुरी झाल्याशिवाय मी येणार नाही, आणि तुम्हीही कोणी पुन्हा इकडे येऊ नका.

शोकाच्या बैठकीत ओंडक्यांपाशी गाणे थांबते ते यामुळे. तोवरचे सगळे कोणालाही, कोणाविषयीही म्हणता येते. त्यानंतरचे एका थोरल्या भावाने एका धाकट्या भावालाच सांगितलेले आहे, आणि त्याचा अर्थ ‘मी घरी येणार नाही, घर तू सांभाळ’ असा आहे. दहा-बारा दिवसांपूर्वी ज्याचा भाऊ गेला त्याला हे ऐकवणार कोण?

ठेका काढल्यावर नेमका हा युक्तिवाद कोसळला होता. फडक्यांच्या चालीत ध्रुवपद ठरल्या जागी, ठरल्या वेळी परत येते. आपण त्याला सवयीने गोडवा म्हणतो. पण ते रामाचे स्वतःला सावरणे आहे. प्रत्येक कडव्यानंतर त्याला परतून उभे राहायला एक ओळखीची जागा लागते, आणि ती वेळेवरच यावी लागते. लय सैल केली की राम भरताइतकाच कोसळतो, आणि मग नकार देणार कोण? चालीत भाव असतो आणि ठेका तो वाहून नेतो, असे मीच पूर्वी लिहिले आहे. ते या गाण्याबाबत तरी चूक होते.

तिसऱ्या खेपेला ठेका परत घेतला, पण तबल्याचा नाही. जेवायचा जुना लाकडी पाट उलटा ठेवून त्यावर बोटांनी धरला. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर. एका दिशेचे ऐकणाऱ्या मायक्रोफोनजवळ गेले की आवाजाचा खर्ज वाढतो, हे तांत्रिक सत्य. पण खरा फायदा वेगळा होता. एवढ्या जवळून मोठ्याने गाताच येत नाही. समोरच्या माणसाला ऐकू जाईल इतकाच आवाज लावावा लागतो. रेडिओची जादू हीच होती. हजारो घरांत ऐकणारे होते, तरी गाणारा स्टुडिओत एका मायक्रोफोनशी बोलत होता. मैफलींत फडक्यांना शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचे होते. तिथला राम भरताला सांगता सांगता सभेलाही सांगतो, आणि कथेकऱ्याला ते शोभते. घरातल्या मुद्रणाला सभाच नसते. त्याने मैफलीची नक्कल केली तर ते पोरके दिसते. ते आपला धागा रेडिओशी जुळवू शकते.

ओंडक्यांनंतरची चारही कडवी गायलो. शेवटच्यात आवाज एकदा फाटला, तो ठेवला.

हे मुद्रण मी कोठे प्रसिद्ध केलेले नाही. माडगूळकर १९७७ साली गेले, शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत चालेल. फडके २००२ साली गेले. पण हक्कांचा प्रश्न नसता तरी ते बाहेर गेले नसते. ते एका माणसासाठी होते, आणि तो नाही म्हटल्यावर वहिनींना ऐकवले.

त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकले. मग म्हणाल्या, “भाऊजी, छान झालंय. पण शेवटचं हे असं म्हणायचे नाहीत. जरा चिडूनच म्हणायचे. अंघोळीला पाणी काढताना रोज ऐकलंय मी.”

दादा हे गाणे रोज म्हणत असे, हे मला माहीत नव्हते. ‘चिडून’ हा भाव मला एकाही मुद्रणात ऐकू आलेला नाही, आणि कडवी पुन्हा वाचली तर तो तिथे आहे : परत परत घरी चल म्हणणाऱ्यावर येतो तसा. पाट अजून खोलीत उलटाच पडला आहे.